पायांतील विद्या



नृत्यावर बोलण्यासाठी युनियनवाला कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. नृत्य ही अंगमेहनत आहे, आणि अंगमेहनतीतील कसब कसे टिकते व कसे बुडते हे पाहण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. म्हणून आपल्याच उपनगरातील, विलेपार्ल्याच्या जुहू स्कीममधील, डॉ. कनक रेळे यांच्या कार्याकडे आम्ही कामगाराच्या डोळ्यांनी पाहतो.

कनकबाईंचा जन्म १९३७ चा, गुजरातेतला. लहानपणीच त्या करुणाकर पणिक्कर गुरुजींकडे कथकळी शिकू लागल्या. पुढे मुंबईत कायद्याची पदवी घेतली, मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय कायदा अभ्यासला. वकिलीचा रस्ता मोकळा होता. त्यांनी धरली मोहिनीअट्टमची वाट. केरळातील स्त्रियांच्या या नृत्याला इंग्रजी अमदानीत बदनामी आली होती. १९३० साली महाकवी वळ्ळत्तोळ यांनी केरळ कलामंडलम् काढले आणि तेथे त्याला पुन्हा आसरा मिळाला. तरीही जुनी विद्या पुष्कळशी मोजक्या वृद्ध स्त्रियांच्या अंगातच उरली होती.

१९७०-७१ च्या सुमारास कनकबाई केरळात गेल्या आणि कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा व कल्याणीकुट्टी अम्मा यांचे नृत्य त्यांनी फिल्मवर टिपून घेतले. साक्षीदार हयात आहे तोवर जबानी नोंदवावी, हे वकिलालाच सुचावे! पुढे शरीराच्या हालचालींची फोड करून त्या लिहून ठेवण्याची पद्धतही त्यांनी बसवली. गुरूने दाखवावे, शिष्याने उचलावे, ही रीत थोर खरी. पण केवळ तिच्यावर विसंबले, तर गुरूबरोबर विद्याही सरणावर जाते.

१९६६ साली त्यांनी नालंदा नृत्य संशोधन केंद्र काढले आणि काही वर्षांतच नृत्याचे महाविद्यालय उभे केले. मुंबई विद्यापीठाची पदवी तेथे नृत्यात मिळू लागली. स्वतः त्यांनी १९७७ साली याच विषयात डॉक्टरेट मिळवली. पदवीने कोणी नर्तकी होत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु पदवी हातात असली म्हणजे मुलीला विचारता येते, ‘मी शिक्षिका आहे, माझा पगार किती?’ ‘हौस म्हणून शिकवा’ म्हणणाऱ्यापुढे हा प्रश्न टाकता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

शिकवण्याच्या व्यापात त्यांचे रंगमंचावरचे काम थांबले नाही. विरहिणी नायिकेच्या पलीकडे जाऊन त्यांनी ‘कुब्जा’ रचली. कुब्जा कोण? कंसाच्या घरची उटणे वाहणारी, पाठीत वाकलेली दासी. लावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नृत्यात वाकलेला देह उभा करणे, याला छाती लागते. कामगाराला अशी नायिका लगेच ओळखू येते.

सरकारने त्यांना १९९० साली पद्मश्री, २०१३ साली पद्मभूषण दिले. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी त्या गेल्या. त्यांनी जमवलेली विद्या मात्र शिकवता येते.

आता आमच्याकडे पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तुटलेला धागा डोळ्यांआधी बोटांना कळावा, असे साचेवाले त्यांत होते. त्या बोटांची जबानी कितीजणांनी घेतली? घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत जुने टर्नर-फिटर अजून आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जा. तरुणांच्या हाती आज कॅमेराही आहे. उशीर करू नका, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.