फुकटचं खरवडणं महाग पडतं
(महिन्याच्या बैठकीतील बोलणे)



दिवाळी जवळ आली की गटाकडे रंगकामासाठी कर्जाची मागणी येते. एका ताईंनी अर्जात फक्त रंगाच्या डब्यांचे पैसे लिहिले होते. मी विचारलं, "जुना रंग खरवडायचे?" त्या हसल्या. "त्याला कशाला पैसे? मी न् सासूबाई बसू की पॉलिश पेपर घेऊन!"

आमच्या घरीही आईच घासायची आणि मी बाजूलाच खेळायचे. तिचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज सांगते.

पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसं घालायचे. भडक पिवळा, लाल, हिरवा रंग आणि लोखंडावरचा तांबडा प्रायमर यांत ते जास्त असायचं. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर शिसं असू शकतं. बघून कळत नाही, म्हणून आहे असंच धरायचं.

कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर बसते. रांगतं मूल तेच हात तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि ते नुकसान भरून निघत नाही. गरोदर बाईकडून ते बाळापर्यंत जातं. अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आपल्यात किती जणींचं एचबी कमी आहे, ते तुम्हाला माहीतच आहे.

आता खर्च बघू. ७ बाय ३ फुटांचं दार दोन्ही बाजूंनी ४२ चौरस फूट होतं. पेंटरने नुसत्या खरवडण्याचे फुटाला १५ रुपये सांगितले असं धरू. एका दाराचे ६३० रुपये, चार दारांचे २,५२०. पण सगळीच दारं खरवडायची गरज नसते. रंग घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसून, पाणी लावून हलका हात फिरवायचा आणि वर नवा रंग द्यायचा. जिथे पोपडे निघतात किंवा दार चौकटीला घासतं, तिथलाच रंग काढायचा. मग खर्च खाली येतो.

काम करताना एवढं पाळा:

- मुलं आणि गरोदर बाई घराबाहेर.
- खाली प्लास्टिक अंथरा. पाणी मारूनच खरवडा.
- झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- पेंटर ज्योतीने रंग जाळायला लागला तर थांबवा.
- पोपडे पिशवीत बांधा, उकिरड्यावर नको. त्याचंच खत शेतात जातं.
- रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका.

नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आणि गटाला एक विनंती. रंगकामाच्या अर्जात 'जुना रंग काढणे' हा खर्च वेगळा लिहायला सांगा. तो लिहिला नाही, तर ते काम घरातल्या बाईच्याच अंगावर येतं.