बोरिस ब्रुट्झकस : एका हिशेबाची शिक्षा

1920 सालच्या उन्हाळ्यांत रशियांतील पेत्रोग्राद शहर अर्धपोटीं दिवस काढीत होतें. यादवी युद्ध चालू होतें. कारखाने सरकारच्या ताब्यांत गेले होते. खाजगी व्यापारास बंदी होती, आणि शेतकऱ्यांचें धान्य सक्तीनें उचललें जात होतें. तीन वर्षांत शहराची सुमारें दोन-तृतीयांश वस्ती घटली होती. अशा वेळीं शेतकी-अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोरिस ब्रुट्झकस ह्यांनीं तेथील विद्वानांपुढें एक व्याख्यान दिलें.

त्यांचा जन्म 1874 सालीं बाल्टिक समुद्राकांठच्या पालांगा गांवीं ज्यू कुटुंबांत झाला. शेतकऱ्याच्या प्रपंचाचा हिशेब हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि व्याख्यानांतील प्रश्नही हिशेबाचाच होता. लोखंड नांगरांसाठीं खर्चावें कीं रुळांसाठीं, हें ठरवावयाचें कसें? बाजारांत वस्तूला किंमत असते, म्हणून कोणत्या कामांत लाभ व कोणत्या कामांत नासाडी, हें कळून येतें. बाजारच मोडला, तर मध्यवर्ती मंडळांतील माणसें कितीही प्रामाणिक व विद्वान असोत, त्यांच्या हातीं मापच उरत नाहीं. त्याच वर्षीं व्हिएन्नांत लुडविग फॉन मीझेस हेही स्वतंत्रपणें ह्याच निष्कर्षास पोहोंचले होते.

1921 मध्यें लेनिनच्या सरकारनें स्वतःच खाजगी व्यापारास कांहीं मोकळीक दिली. त्या सवलतीच्या काळांत, 1922 सालीं, हें विवेचन ‘एकोनोमिस्ट’ मासिकांत क्रमशः प्रसिद्ध झालें. परंतु बाजारास मिळालेली मोकळीक विचारास मिळाली नव्हती. 19 मे रोजीं लिहिलेल्या पत्रांत लेनिननें त्या मासिकाचे जवळजवळ सर्व लेखक हद्दपारीस पात्र ठरविले. मासिक बंद झालें, ऑगस्टमध्यें ब्रुट्झकस ह्यांना अटक झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्यांना जर्मनीस जावें लागलें.

बर्लिनमध्यें राहून त्यांनीं पंचवार्षिक योजनेचा व शेतीच्या सक्तीच्या सामुदायीकरणाचा अभ्यास चालू ठेवला. 1932-33 च्या दुष्काळांत लक्षावधि शेतकरी अन्नावांचून मेले. इकडे हिटलरच्या हातीं सत्ता आली, आणि ज्यू म्हणून त्यांना बर्लिनही सोडावें लागलें. 1935 मध्यें त्यांचा इंग्रजी ग्रंथ हायेक ह्यांच्या प्रस्तावनेसह लंडनला निघाला. अखेरचा काळ त्यांनीं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांत अध्यापनांत घालविला. तेथेंच 1938 सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांच्या प्रश्नाला सरकारनें उत्तर दिलें नाहीं. प्रश्न विचारणारास मात्र सीमेपार धाडलें. 1991 मध्यें सोव्हिएत राज्य लयास गेलें. त्यांचें लेखन त्यांच्याच देशांत पुन्हा छापलें गेलें. तें पाहावयास ते स्वतः मात्र नव्हते.