यंत्र कोणाचें?
(ऊसतोड कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)



दसरा झाला कीं बीड-जालन्याकडील गाड्या भरून पश्चिमेकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची मोजदाद हत्यारानें करणारा दुसरा धंदा आमच्या पाहण्यांत नाहीं! आतां फडांत यंत्र उतरलें आहे. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. यंत्रास मोकळें रान मिळालें तर तें 100 टनांपर्यंत जातें. किती चुली विझतील, हिशेब तुम्हीच करा.

आम्ही यंत्राचे वैरी नाहीं. अंधार असतां फडांत उतरणें, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडींत चढणें, पाचटाच्या कोपींत बाळंत होणें, हें काम आमच्या लेकींस वतन म्हणून मिळावें असें कोण म्हणेल? 2019 सालीं बीड जिल्ह्यांत सरकारी पाहणी झाली, तेव्हां गर्भपिशवी काढलेल्या 13,000 हून अधिक ऊसतोड बाया आढळल्या. असलें काम यंत्रानें नेलें तर खुशाल नेऊं द्या. आमचा सवाल निराळा आहे. यंत्र कोणाचें?

2023 सालीं सरकारनें 900 यंत्रांस मदत देण्याची योजना काढली. किंमतीच्या शेंकडा 40 किंवा 35 लाख रुपये, यांत जें कमी तें मिळावयाचें. यंत्राची किंमत कोटीच्या घरांत. उरलेल्या पैशास बँक तारण मागते. ज्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल, त्यानें तारण काय ठेवावें, कोयता?

लहान शेतकऱ्यानेंही हुरळूं नये. यंत्रास चार-पांच फुटांची सरी व लांब तास लागतो; अर्ध्या एकराच्या तुकड्यांत तें वळणार कोठें? वाढें चिरडून रानांत पडतें, जनावराच्या दावणीस येत नाहीं. पाचोळ्यापोटीं वजनांत कपात होते ती वेगळीच.

जानेवारी 2024 मध्यें तोडणीचा दर शेंकडा 34 नें वाढला. कोयता थांबला तर कारखाना थांबतो, हें मालकांस ठाऊक होतें म्हणून. यंत्रें वाढतील तसा हा जोर ओसरेल. यास्तव बोलावयाचें तें आजच. मदतीचीं यंत्रें तोडकऱ्यांच्या सोसायट्यांस आधीं द्या, तारणाची हमी सरकारनें घ्यावी, आणि यंत्रावर चालक व मिस्त्री म्हणून आमचींच पोरें शिकवून घ्या. येत्या हंगामाची उचल घेण्यापूर्वीं प्रत्येक गांवांत दहा-वीस कोयत्यांनीं एकत्र बसून हा अर्ज लिहावा. लिहितां येत नसेल त्यानें शाळेंतल्या पोरीस जवळ बसवावें.