घळईतलं पाणी

आदरणीय सर, पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या सगळ्या बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या तुकडीतल्या मित्रमैत्रिणींनो,

समितीने मला 'अमेरिकेतले अनुभव' असा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. मी तिथे बरीच वर्षं नोकरी केली, पण त्यातली बहुतेक एका खोलीत, स्क्रीनसमोर गेली. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका कशा शोधल्या हे सांगत बसले तर जेवणाची घंटा व्हायच्या आधीच तुम्ही झोपाल. म्हणून फक्त एका सहलीबद्दल बोलते. त्या सहलीत मी एक चूक केली होती. ती आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

सुरुवात मात्र आपल्या शाळेतच होते. आठवीत भूगोलाच्या बाई नदीचं कार्य शिकवत होत्या. अपक्षय, क्षरण, घळई, रांजणखळगे. आपण सगळे पाठ करत होतो आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. घोडपदेवच्या मुलांनी नदी कुठे बघितलेली? मे महिन्यात गावी गेलो तर ओढा, तोही आटलेला. तेव्हा शाळेत दुरुस्तीचं काम चालू होतं, आवारात रेतीमिश्रित मातीचा ढीग पडला होता. बाईंनी आपल्याला खाली नेलं आणि ढिगाच्या माथ्यावर पाण्याचा तांब्या हळूहळू ओतला. पाण्याने मातीत खोल, अरुंद चर पाडली. बाई म्हणाल्या, "ही घळई. ओतलं मी वर, कापलं गेलं खाली." आपण हसलो, कारण पाणी मागे उभ्या असलेल्या मुलांच्या बुटांत गेलं होतं. बाई, ते तुम्हाला आठवत नसेल. ज्यांचे बूट भिजले त्यांना नक्की आठवतं, ते आज इथे आहेत.

वीस वर्षांनी, २०१४ च्या ऑगस्टमध्ये, आई-बाबा माझ्याकडे सॅन होजेला आले. बाबांना तुमच्यातले बरेच जण ओळखायचे. १९८२ च्या संपाआधी ते गिरणीत साचे चालवायचे, नंतर कॉटन ग्रीनच्या गोदामात मुकादम होते. मोठी दुकानं, उंच इमारती बघून ते कंटाळले. म्हणाले, "इमारती मुंबईत पण आहेत. इथली जमीन दाखव." मग मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा असे पाच जण निघालो. लास व्हेगासपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. आईने हॉटेलच्या खोलीत खायला भाकऱ्या आणि लसणाची चटणी बरोबर घेतली होती.

आधी ग्रँड कॅन्यन. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. ही दरी साधारण तेवढी खोल, काही ठिकाणी जास्तच, आणि लांबी ४४६ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघालात तर कणकवलीच्या आसपास पोहोचाल. हे सगळं कोलोराडो नदीने आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी कापलेलं. आकडे मला आधीच माहीत होते, तरी काठावर उभी राहिले तेव्हा मी नवऱ्याचा हात घट्ट धरला होता.

तिथे काठाने एक वाट बांधली आहे. एक मीटर चाललात की दहा लाख वर्षं मागे गेलात, असा हिशेब. दरीतल्या प्रत्येक थराचा दगड त्याच्या वयाच्या जागी आणून ठेवलाय आणि त्याला हात लावू देतात. आपली मुंबई ज्या काळ्या दगडावर उभी आहे तो सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्या वाटेवर साठ-पासष्ट मीटरांत संपला. दरीच्या तळाचा दगड यायला पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. पावणेदोनशे कोटी वर्षांचा तो दगड, आणि त्याचं नाव आहे विष्णू शिस्ट! दरीतल्या सुळक्यांनाही विष्णू, ब्रह्मा, शिव यांची देवळं अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने तिथला मोठा अहवाल १८८२ मध्ये लिहिला. त्याला ते सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले आणि अशा नावांची पद्धत पडली.

मी हे सगळं बाबांना कौतुकाने समजावत होते. त्यांनी त्या दगडाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "यात नवल काय? आपला घोडपदेव पण खडकच आहे." आजूबाजूचे लोक बघत होते. मला थोडी लाज वाटली, हे कबूल करते. आज वाटत नाही.

तिथून आम्ही युटामधल्या झायन पार्कला गेलो. ग्रँड कॅन्यनमध्ये आपण वरून खाली बघतो, झायनमध्ये तळाशी उभं राहून वर बघतो. तिथल्या भिंती म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या, घट्ट होऊन दगड झालेल्या. त्या वाळूच्या दगडात व्हर्जिन नावाच्या नदीने घळई पाडली आहे. बसच्या शेवटच्या थांब्यापासून दीड-एक किलोमीटर पक्की वाट आहे, ती संपली की नदीतूनच चालायचं. त्या भागाला नॅरोज म्हणतात. दोन्ही बाजूंना तीनशे मीटर उंच भिंती आणि काही ठिकाणी रुंदी आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. अमेरिकेत आल्यापासून मला तिथे जायचं होतं. पाण्यात चालायचे बूट आणि काठ्या आदल्या संध्याकाळीच भाड्याने आणल्या होत्या.

सकाळी चौकशीच्या खिडकीशी गेलो. फलकावर त्या दिवशी अचानक पुराची शक्यता दाखवली होती. तिथेही जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचे दिवस असतात आणि तेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. वाट बंद नव्हती, जायचं की नाही ते आपण ठरवायचं. खिडकीतल्या रेंजर बाईंनी नीट समजावलं. इथे ऊन असेल, पण पाऊस वर, कित्येक मैलांवर पडतो. उघडा खडक पाणी पीत नाही, सगळं घळईत उतरतं. पाणी वाढलं तर आत बाजूला चढायला जागा नाही.

मी वर बघितलं. आभाळ स्वच्छ निळं. रजा मोजून मिळालेली. आई-बाबा पुन्हा येतील न येतील. बाबांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी म्हणाले, "पाणी गार आहे म्हणाली. जपून चाला."

ही ती चूक. इंग्रजी मला येत होतं आणि त्यांना येत नव्हतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. ज्या माणसाने दुसऱ्या पाळीहून येऊन, डोळे मिटत असताना माझी इंग्रजीची घोकंपट्टी ऐकली, त्याच्याशी मी असं वागले.

बसमध्ये बाबा गप्प होते. शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर म्हणाले, "ती बाई वरच्या अंगाला बोट दाखवत होती. मग हात कमरेवरून गळ्यापर्यंत नेला. हे गार पाण्याबद्दल नव्हतं." मग मला खरं सांगावंच लागलं. वर मी वादही घातला: आभाळ बघा, एक ढग नाही, इतके लोक चाललेत, तासाभरात परत येऊ.

ते म्हणाले, "सव्वीस जुलैला मी भायखळा स्टेशनवर उभा होतो."

तुमच्यातल्या प्रत्येकाची २६ जुलै २००५ ची गोष्ट आहे. माझी अशी, की मी अंधेरीला सीप्झमध्ये होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला साधारण ७३. म्हणजे घोडपदेवला नेहमीसारखा पाऊस, आणि तिथे मिठी नदी रस्त्यांवर आलेली. फोन बंद होते. घरच्यांना कळेना की साध्या पावसात मुलगी अडकली कुठे. बाबा छत्री घेऊन रात्री उशिरापर्यंत स्टेशनवर उभे होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धं चालत, अर्धं ट्रकमधून घरी पोहोचले. तोवर त्यांनी माझं काय काय झालं असेल, ते सगळं मनात बघून घेतलं होतं.

झायनला ते एवढंच म्हणाले, "माझ्या डोक्यावर आभाळ तेव्हाही ठीकच होतं. पोराला घेऊन आत जायचं नाही." आणि तिथल्या एका दगडावर जाऊन बसले.

मुलगा रडला. मी दिवसभर बाबांशी धड बोलले नाही. संध्याकाळी मुक्कामाजवळच्या पुलावर गेलो, तर सकाळी तळ दिसत होता ती नदी चहासारखी झालेली. फांद्या, पाला वाहत होता, आवाज वाढला होता. आमच्या डोक्यावर दिवसभर एक थेंब पडला नव्हता. त्या दिवशी आत कुणाला काही झाल्याचं मी ऐकलं नाही, त्यामुळे आम्ही थोडक्यात वाचलो, असा दावा मी करणार नाही. बाबाही काही बोलले नाहीत. मला मात्र शाळेतला तो मातीचा ढीग आणि तांब्या आठवला. मार्कांसाठी मी घळईची आकृती किती वेळा काढली होती, आणि खऱ्या घळईच्या तोंडाशी उभी राहून मी फक्त डोक्यावरचं आभाळ बघत होते.

पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०१५ ला, झायनमधल्याच कीहोल नावाच्या घळीत अचानक आलेल्या पुरात सात जण गेले. बातमी वाचून मी मुंबईला फोन केला आणि बाबांची माफी मागितली. खोटं सांगितल्याबद्दल. वर्ष लागलं मला. ते म्हणाले, "बूट-काठ्यांचं भाडं परत मिळालं होतं का?" मिळालं नव्हतं. बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. नॅरोजमध्ये मी अजून गेलेले नाही.

हे आज का सांगितलं? आपल्या ग्रुपवर पावसाळी सहलीची यादी फिरते आहे. धबधबे आहेत, सांदण दरीही आहे. सांदण म्हणजे आपल्या काळ्या दगडातली नॅरोजच. ती पावसाळा पूर्ण संपल्यावर, दरीतलं पाणी ओसरल्यावर बघायची जागा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढलं होतं. आपण आता पन्नाशीकडे निघालोय, बरोबर मुलं असतात, आणि मोबाइलवर फोटो काढताना पाण्याकडे पाठ असते.

म्हणून चार गोष्टी. आपल्या डोक्यावरचं नव्हे, नदी जिथून येते तिथलं आभाळ विचारा. स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला यायला लागला किंवा आवाज बदलला, की फोटो न काढता बाहेर या. दोन्ही बाजूंना कडा असेल तर उतरण्याआधी चढायची जागा शोधा. आणि गावातला माणूस किंवा खिडकीतली बाई काही सांगत असेल, तर ते बरोबरच्या सगळ्यांना पूर्ण सांगा, आपल्याला सोयीचं तेवढंच नाही.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी आपल्याला आठवीतच शिकवल्या होत्या, बाई. चौथी बाबांनी शिकवली.

सहलीला मी येणार आहे. तारीख मात्र नोव्हेंबरनंतरची ठरवा.