उजवी लेन मुक्कामाची नाही

आज बोलू धुळे–सोलापूर हायवेवर, म्हणजे आपल्या वडीगोद्रीवरून बीडकडं जाणाऱ्या ५२ नंबरच्या महामार्गावर.

उसाचा सीझन लागला की दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर डिव्हायडरला चिकटून निवांत चाललेला दिसतो. का? तर डावीकडं उभ्या गाड्या, समोरून राँग साइडनं येणाऱ्या बाइक. त्याचंही खरंय.

पण हिशेब बघा. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर, मागची कार १००. मधलं २०० मीटर अंतर ९ सेकंदांत संपतं. रात्री ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसला तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कारवाला घाईत डावीकडून घुसतो, आणि नेमका तिथंच बाइकवाला असतो.

उजवी लेन 'फास्ट' लेन नाही, ओव्हरटेकची आहे. तुमचा स्पीड ६० असो की १००, ओव्हरटेक झाला की आरसा बघा, इंडिकेटर द्या, डावीकडं या.

आणि पुढचा कट लांब पडतो म्हणून राँग साइडनं बाइक घालू नका. त्या ट्रॅक्टरला उजवीकडं ढकलणारे आपणच असतो!