सडक सोडताना

ग्वाल्हेरहून आग्र्याकडे जाणारी सडक मुरैना मागे टाकून चंबळेच्या दिशेने उतरू लागली, की दोन्ही अंगांची जमीन फाटल्यासारखी दिसू लागते. सपाट शेत संपते तेथेच घळ सुरू होते, त्या घळीला दुसरी घळ फुटते, आणि पाहता पाहता मातीच्या सुळक्यांचे एक रानच नजरेसमोर उभे राहते. तिकडील लोक याला बीहड म्हणतात. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते अशी गाडी ज्याने नव्याने घेतली आहे, अशा ग्वाल्हेरच्या तरुणाला सडक सोडून येथे शिरण्याचा मोह पडला तर त्यात गैर काही नाही. मात्र दहा वर्षे सडकेवर निर्वेधपणे गाडी हाकलेला मनुष्यही येथे पहिल्या दिवशी नवशिकाच असतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निर्माण झालेली जीपगाडी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत आणली. पुढे दरोडेखोरांच्या पाठलागावरील पोलिसांच्या ताफ्यांत ती दिसू लागली. परंतु घळीच्या तोंडाशी तिला थांबवून शिपायांना पायीच आत जावे लागे. मे १९६० मध्ये विनोबा भावे भिंड-मुरैनाच्या दरोडेखोरांना भेटावयास गेले, तेही पायीच. त्यांचे कारण निराळे होते, हे खरे. तरी या मुलखाची ओळख पायांनीच होते, ही गोष्ट वाहनचालकानेही ध्यानात ठेवावयास हवी. जेथून गाडी न्यावयाची ती वाट आधी उतरून चालून पाहावी. चालताना जेथे पाय घसरतो तेथे चाकही घसरते.

ही माती नदीच्या गाळाची आहे. उन्हाळ्यात ती विटेसारखी कठीण वाटते, आणि तोच तिचा दगा. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, आतली माती वाहून नेते आणि जमिनीखाली पोकळ नळ्या तयार करते. वरचे छत शाबूत असते, गवतही उगवलेले असते. पण गाडीचे ओझे पडताच ते खचते. म्हणून घळीच्या कडेने गाडी नेण्याचा हौशी प्रकार मुळीच करू नये. घळ जितकी खोल, निदान तितके अंतर कडेपासून राखावे. पावसाळ्यात तर इकडे फिरकूच नये. एकदा सर पडली की हीच माती साबणासारखी होते, आणि तेथे चारही चाकांची ओढ असूनही उपयोग होत नाही. चार चाकांऐवजी दोनच फिरत असती तर जितके घसरावयाचे तितकेच घसरते.

सर्वांत मोठा धोका उताराचा आहे. चढावे आणि उतरावे ते सरळ. उताराला आडवी गाडी घालू नये, कारण उंच बांध्याची गाडी कलंडावयास फारसा वेळ लागत नाही. आडवी असताना ती घसरू लागलीच, तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवावे. मन नेमके उलट सांगते, पण वर वळविण्याच्या धडपडीतच गाड्या उलटतात. उतरताना हलक्या टप्प्याचा पहिला गिअर घालून इंजिनालाच गाडी धरू द्यावी. क्लचवर पाय ठेवू नये, आणि ब्रेक करकचून दाबू नये. चाके अडकली की गाडी चालकाची राहत नाही.

चढणीवर अर्ध्यात इंजिन बंद पडले तर? नवशिका येथे हमखास घाबरतो आणि गाडी वळवून तोंड खाली करू पाहतो. तसे करू नये. ब्रेक दाबून धरावा, मागे जाण्याचा गिअर घालावा, इंजिन पुन्हा सुरू करावे, आणि ज्या चाकोरीने वर आलो त्याच चाकोरीने सरळ मागे उतरावे. केवळ हातब्रेकच्या भरवशावर खाली उतरून पाहण्याचे धाडस नसावे. हा धडा प्रथम एखाद्या लहानशा, कोरड्या टेकाडावर, दिवसाउजेडी, जमीनमालकाची परवानगी घेऊन चार-सहा वेळा गिरवावा. बीहड त्यानंतर.

एकटी गाडी कधी नेऊ नये. दुसरी गाडी, फावडे, जॅकखाली घालावयास फळी आणि पिण्याचे भरपूर पाणी बरोबर असावे. मे महिन्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांवरही जातो. पट्टे सर्वांनी बांधावेत. अडकलेली गाडी ओढताना दोर गाडीच्या सांगाड्यावरील मजबूत कडीलाच अडकवावा आणि बघ्यांना दूर हटवावे. ताणलेला दोर तुटून अंगावर आला तर जीव जातो.

वाळूचा मोह तर आणखीच मोठा. भुसभुशीत वाळूत टायरमधील हवा तीस-बत्तीस पौंडांवरून वीसच्या आसपास उतरविली की चाक रुतत नाही, हे खरे. पण चंबळेचे वाळवंट त्या प्रयोगासाठी नाही. नदीचा हा भाग १९७८-७९ पासून अभयारण्य आहे. लांब तोंडाची सुसर, जिला तिकडे घडियाल म्हणतात, मार्च-एप्रिलमध्ये याच वाळूत अंडी घालते, आणि जूनच्या सुमारास पिले बाहेर येतात. पाणचिरा पक्षीही उघड्या वाळूवरच अंडी घालतो. वरून जाणाऱ्या चाकाला यातले काहीच दिसत नाही. तेव्हा वनखात्याने मना केलेल्या वाटेने जाऊ नये, आणि वाळूचा सराव करावयाचाच तर अभयारण्याबाहेर, परवानगीच्या जागी करावा.

परतताना डांबरी सडक लागण्यापूर्वी टायरांत हवा पुन्हा भरावी. कमी हवेचे टायर वेगात तापतात आणि फुटतात. टायरांत काटे पाहावेत. बीहड रोखण्यासाठी १९८० च्या दशकात विमानांतून पेरलेली विलायती बाभूळ आता तेथे सर्वत्र माजली आहे, आणि तिचा काटा जाड टायरातूनही पार जातो. ओल्यातून आल्यास ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवावेत, आणि मगच मुरैन्याच्या गर्दीत शिरावे.