विजेची बचत आणि पुराव्याचा खर्च



वीजबिल निम्म्यावर आणण्याचे आश्वासन देणारी एक लहानशी डबी गेली कित्येक वर्षे बाजारात विकली जात आहे. ‘पॉवर सेव्हर’ हे तिचे सर्वसाधारण नाव. ती सॉकेटमध्ये खोचावी, तिचा हिरवा दिवा लागावा आणि घरातील पंखा, फ्रीज, मिक्सर यांचा वीजवापर आपोआप घटावा, असा विक्रेत्याचा दावा असतो. ज्याच्या घरी बिलाच्या आकड्याने महिन्याचा हिशेब कोलमडतो, त्यालाच हा दावा भुरळ घालतो. म्हणून हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा नाही.

डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो. पंखा दुरुस्त करणारा कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतो, त्याच जातीचा. फ्रीजची मोटर कामासाठी लागणाऱ्या प्रवाहापेक्षा अधिक प्रवाह ओढते. हा वरचा प्रवाह काम करीत नाही, नुसता ये-जा करतो. समजा, २३० व्होल्टवर मोटर १ अँपिअर घेत आहे आणि तिचा पॉवर फॅक्टर ०.६ आहे. तिची खरी शक्ती १३८ वॅट. कपॅसिटर जोडल्यावर तारेतील प्रवाह ०.६ अँपिअरपर्यंत उतरू शकतो. पण मोटर १३८ वॅटच खाते आणि घरगुती बिलातील युनिट मोजतात ते या वॅटांवरूनच. विक्रेता ग्राहकासमोर अँपिअरचा काटा ठेवतो, डबी लावतो, काटा खाली येतो. काटा खोटे बोलत नाही. ज्याचे पैसे आकारलेच जात नाहीत ते तो दाखवतो, एवढेच.

कपॅसिटर स्वतः निरुपयोगी नव्हे. मोठ्या मोटरी चालवणाऱ्या कारखान्यांना खालावलेल्या पॉवर फॅक्टरचा भुर्दंड बसतो. तेथे त्याची किंमत वसूल होते. घरात मात्र डबीपासून मीटरपर्यंतच्या तारांतील तापहानी तेवढी किंचित कमी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००९ साली याच विषयावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचाही निष्कर्ष घरगुती ग्राहकाला सांगण्याजोगी बचत होत नाही, असाच होता.

तरीही ‘आमचे बिल खरोखर कमी झाले’ असे सांगणारे प्रामाणिक लोक भेटतात. त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही. डबी मे महिन्यात घेतली जाते, जूनच्या उत्तरार्धात पाऊस पडतो, पंखे मंदावतात आणि श्रेय डबीला मिळते. शिवाय महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १०० युनिटांची मर्यादा ओलांडली की पुढील युनिट महाग पडते. त्यामुळे वापरात थोडी घट झाली तरी रुपयांतील घट अधिक भरते. पैसे खर्चून डबी आणलेले घर त्या महिन्यात दिवेही जपून लावते, हे वेगळेच. तुलना करायची तर रुपयांची नव्हे, युनिटांची. आणि तीही एका ऋतूतील.

याहून नेमकी कसोटी घरीच घेता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बहुधा ३२०० असा आकडा छापलेला असतो. दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातील सर्व उपकरणे बंद करून ७५ वॅटचा एकच पंखा चालवला तर दिवा सुमारे १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. वीस वेळा लुकलुकण्यास पाच मिनिटे. डबी लावून पुन्हा वीस मोजावेत, डबी काढून पुन्हा. मोजणाऱ्याला डबी लावली आहे की नाही हे न कळू दिले तर उत्तम. माणूस आशेनेही चुकीचे मोजतो. फ्रीजची परीक्षा मात्र पाच मिनिटांत होत नाही. त्याचा कॉम्प्रेसर चालतो, थांबतो. दार किती वेळा उघडले, बाहेर उकाडा किती, यावर सारे अवलंबून. त्यासाठी सॉकेटमध्ये लावायचा स्वतंत्र ऊर्जामापक हवा आणि एक आठवडा डबीसह, एक आठवडा डबीविना, अशा आलटून-पालटून नोंदी हव्यात.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष वस्तूची तक्रार आयोगाकडे करता येते. प्रयोगशाळेत तपासणी केल्यावाचून दोष ठरत नसेल तर आयोग नमुना तेथे पाठवतो. परंतु तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. १९८६ च्या कायद्यातही हीच तरतूद होती. काहीशे रुपयांच्या डबीसाठी कोण हा खर्च आणि कामाचे खाडे सोसणार? लाखो ग्राहकांचे लहान लहान नुकसान विखुरलेले राहते, विक्रेत्याचा नफा मात्र एकवटतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते हे खरे, पण तोवर डबीचे नाव बदललेले असते!

दुसरी रीत अशक्य नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल २०१० पासून सक्तीचे आहे, छताच्या पंख्यांवर २०२३ पासून. तेथे चाचणी विक्रीपूर्वी होते आणि तिचा भार उत्पादकावर असतो. ‘वीज वाचवते’ असे छापून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला हाच नियम लावावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि पक्षाच्या शाखांनी मिळून केली पाहिजे. तोपर्यंत एखाद्या शाखेने वर्गणीतून एकच डबी आणावी, रविवारी वाचनालयात वस्तीतील लोकांसमोर लाल दिव्याची लुकलुक मोजावी आणि तारखेसह, साक्षीदारांच्या सह्यांनिशी ती वहीत नोंदवावी. पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे अर्धा तास पुरेल.